पायडल, मोटर आणि कायदा : तीनचाकी सायकलीचे नियमन



जबलपूरचे नाव मराठी वाचकाला परके नाही. १७९८ ते १८१७ या काळात हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात होता. पुढे १९५६ पर्यंत तो नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवा मध्य प्रदेश अस्तित्वात आला आणि राज्याच्या उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ जबलपूरला आले. या शहराच्या जुन्या भागात दीक्षितपुरा ही वस्ती आहे. कोतवाली, मिलौनीगंज, बडा फुहारा हा सारा परिसर दाटीचा व अरुंद गल्ल्यांचा आहे. अशा वस्तीत मोठी वाहने शिरू शकत नाहीत. तिथे माणसांची व मालाची ने-आण तीनचाकी वाहनांवरच अवलंबून असते. अनेक वर्षे हे काम सायकलरिक्षाने केले. गेल्या दशकात तिची जागा ई-रिक्षाने झपाट्याने घेतली.

या दोन वाहनांच्या मध्ये आणखी एक वाहन असू शकते. त्यात चालक पायडल मारतो आणि चढावर किंवा ओझे असताना एक लहान विद्युत मोटर त्याला हातभार लावते. तंत्रज्ञानाच्या दृष्टीने हे वाहन सोपे आहे, ऊर्जेच्या दृष्टीने काटकसरीचे आहे आणि दीक्षितपुऱ्यासारख्या वस्तीला सोयीचेही आहे. तरीही आपल्या रस्त्यांवर ते जवळजवळ दिसत नाही. याचे कारण अभियांत्रिकीत थोडे आणि कायद्यात अधिक सापडते. कायद्याने आखलेली एक रेषा गरिबाच्या उपजीविकेचे स्वरूप कसे ठरवते, याचे हे उदाहरण म्हणून अभ्यासण्याजोगे आहे.

घटनेतील विभागणी

विषयाची सुरुवात राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीपासून करावी लागेल. राज्यसूचीतील १३ व्या नोंदीत रस्ते, पूल इत्यादींबरोबर ‘यंत्रशक्तीने न चालणारी वाहने’ हा विषय येतो. समवर्ती सूचीतील ३५ वी नोंद यंत्रशक्तीने चालणाऱ्या वाहनांची आहे. म्हणजे साधी सायकलरिक्षा हा राज्याचा आणि व्यवहारात नगरपालिकेचा विषय होतो. मोटारवाहन मात्र संसदेच्या कायद्याखाली येते.

सायकलरिक्षाला मोटर जोडताच ती एका सूचीतून दुसऱ्या सूचीत जाते. तिचे नियमन करणारी संस्था, परवाना देणारे कार्यालय, कराची व विम्याची व्यवस्था, सारे काही त्या क्षणी बदलते. चालक तोच, गल्ली तीच आणि प्रवासीही तेच असतात. बदललेली असते केवळ वाहनाची कायदेशीर जात.

मोटारवाहनाची व्याख्या व तिचे अपवाद

मोटारवाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(२८) मध्ये मोटारवाहनाची व्याख्या दिली आहे. रस्त्यावर वापरण्याजोगे, यंत्रशक्तीने चालणारे कोणतेही वाहन तिच्यात येते. मग ती शक्ती वाहनाच्या आतून मिळो वा बाहेरून. या व्याख्येला काही अपवाद आहेत. त्यांतील एक असा की, चारपेक्षा कमी चाके असलेले आणि २५ घन सेंटिमीटरपेक्षा अधिक क्षमतेचे इंजिन नसलेले वाहन मोटारवाहन ठरत नाही.

हा अपवाद पेट्रोलच्या इंजिनासाठी लिहिला गेला. घन सेंटिमीटर हे इंजिनाच्या सिलिंडरच्या आकारमानाचे माप आहे. विद्युत मोटरीला सिलिंडरच नसतो. त्यामुळे विजेवरील वाहनाला ही फूटपट्टी लावता येत नाही.

ही उणीव केंद्रीय मोटारवाहन नियम, १९८९ मधील नियम २(यू) ने भरून काढण्याचा प्रयत्न झाला. या नियमात ‘बॅटरीवर चालणाऱ्या वाहना’ची व्याख्या आहे. काही अटी पूर्ण करणारे असे वाहन मोटारवाहन मानले जात नाही. मोटरीची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा, म्हणजे २५० वॉटपेक्षा कमी हवी. कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी हवा. बॅटरी वगळता रिकाम्या वाहनाचे वजन ६० किलोग्रॅमपेक्षा अधिक नसावे. योग्य ब्रेक असावेत, पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक असावा. पायडलच्या मदतीला मोटर असेल, तर वेग वाढत जाईल तशी तिची मदत कमी व्हावी आणि ताशी २५ किलोमीटरला, किंवा चालकाने पायडल थांबवताच, ती बंद व्हावी. या अटींची पूर्तता नियम १२६ खालील चाचणी संस्थेने तपासून प्रमाणित करावी लागते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशा संस्थांपैकी एक होय.

‘तीस मिनिटांची शक्ती’ ही संज्ञा समजून घेणे आवश्यक आहे. मोटर सलग तीस मिनिटे जी शक्ती पुरवू शकते ती ही शक्ती. चढाव ओलांडताना काही क्षणांपुरती मोटर यापेक्षा अधिक जोर देऊ शकते. म्हणून वॉटचा आकडा वाचताना तो सातत्याचा आहे की क्षणिक, हे पाहावे लागते.

दुचाकीचे माप तीनचाकीला

वरील अटी दुचाकी सायकल नजरेसमोर ठेवली तर योग्य वाटतात. तीनचाकीला त्या लावल्या की चित्र बदलते. एक साधे गणित करून पाहता येईल. जुन्या धाटणीच्या लोखंडी सायकलरिक्षाचे वजन ८५ किलोग्रॅम, चालकाचे ५५, दोन प्रवाशांचे १२० आणि सामान २० किलोग्रॅम धरले, तर एकूण भार २८० किलोग्रॅम होतो. सपाट रस्त्यावर चाकांचा रोध भाराच्या सुमारे एक टक्का धरल्यास ताशी ९ किलोमीटर वेगासाठी जवळपास ७० वॉट शक्ती लागते. श्रमाची सवय असलेला माणूस तासन्‌तास साधारण एवढीच, म्हणजे ७५ वॉटच्या आसपास शक्ती देऊ शकतो. सपाट रस्त्यावर सायकलरिक्षा चालते ती यामुळेच.

आता शंभर मीटरला तीन मीटरचा चढ घ्या. तोच वेग राखायचा तर २७० वॉटच्या वर शक्ती लागते, म्हणजे जवळजवळ चौपट. माणूस इतकी शक्ती थोडा वेळच देऊ शकतो. म्हणून चढावर रिक्षावाला खाली उतरून रिक्षा हाताने ओढतो. हे दृश्य ज्याने पाहिले आहे, त्याला सहायक मोटरीचे प्रयोजन वेगळे सांगावे लागत नाही.

या गणितातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. चढावर लागणाऱ्या २७० वॉटपैकी ५० ते ७० वॉट चालकाने दिले, तर उरलेले काम २५० वॉटहून कमी शक्तीची मोटर करू शकते. म्हणजे वेग माफक ठेवला तर नियमातील शक्तीची मर्यादा तीनचाकीला फारशी अडचणीची नाही. अडचण वजनाच्या मर्यादेची आहे. दोन प्रवासी किंवा दीडशे किलो माल वाहणारी तीनचाकी मजबूत चौकट, रुंद आसन व भक्कम चाके यांसह ६० किलोग्रॅमच्या आत बसवणे कठीण व खर्चिक असते. हलक्या धातूंनी ते साधेल, पण मग किंमत वाढते. ज्याच्यासाठी वाहन हवे, त्याच्याच आवाक्याबाहेर ते जाते.

चार चाकांच्या मालवाहू सायकलीची स्थिती याहून अनिश्चित आहे. अधिनियमातील अपवाद चारपेक्षा कमी चाकांचा आहे. ई-कार्टची व्याख्याही तीन चाकांची आहे. चौथे चाक आले की या दोन्हींचा आधार सुटतो.

फलटणचे प्रयोग

महाराष्ट्रात या वाहनावर बरेच आधी काम झाले आहे. सातारा जिल्ह्यातील फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्था १९६८ मध्ये बी. व्ही. निंबकर यांनी स्थापन केली. तेथे डॉ. अनिल राजवंशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलरिक्षाचे तीन पर्याय विकसित केले : सुधारित पायडल रिक्षा, मोटरच्या साहाय्याने चालणारी पायडल रिक्षा आणि पूर्णपणे विजेवर चालणारी रिक्षा. या कामाचा आढावा २००२ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यानंतर वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेच्या दुर्गापूर येथील केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेने ‘सोलेक्शॉ’ तयार केली. पायडल आणि मोटर या दोन्हींवर चालणारी व सौर ऊर्जेने भारित बॅटरी वापरणारी ही रिक्षा २ ऑक्टोबर २००८ रोजी दिल्लीत सादर झाली.

फलटणच्या तीन पर्यायांकडे आज पाहिले तर त्यांत एक शिडी दिसते. पहिली पायरी श्रम हलके करण्याची, दुसरी श्रमाला जोड देण्याची आणि तिसरी श्रमाची जागा घेण्याची. कायद्याने पहिल्या व तिसऱ्या पायरीला जागा दिली; दुसरी पायरी मात्र घडलीच नाही.

दिल्लीचा धडा

२०१० नंतर दिल्लीत ई-रिक्षांची संख्या वेगाने वाढली. ६५० वॉट व त्याहून अधिक शक्तीच्या मोटरी, चार वा अधिक प्रवासी, पण नोंदणी, अनुज्ञप्ती व विमा यांचा अभाव, अशी तेव्हाची स्थिती होती. जून २०१४ मध्ये केंद्रीय परिवहन मंत्र्यांनी ६५० वॉटपर्यंतच्या ई-रिक्षांना मोटारवाहन न मानता नगरपालिकेकडे नोंदवण्याचा मानस जाहीर केला. म्हणजे मधल्या पायरीचा विचार शासनस्तरावर झाला होता. परंतु घोषणा म्हणजे कायदा नव्हे. अधिनियमातील व्याख्या बदलल्याशिवाय हे वाहन मोटारवाहनच राहिले. ३१ जुलै २०१४ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने नियमबाह्य ई-रिक्षांच्या वाहतुकीला मनाई केली.

त्यानंतरचा क्रम परीक्षार्थींनी लक्षात ठेवावा असा आहे. ८ ऑक्टोबर २०१४ रोजी केंद्रीय मोटारवाहन नियमांत दुरुस्ती होऊन ई-रिक्षा व ई-कार्ट यांचे निकष आले : २,००० वॉटपर्यंत शक्ती, ताशी २५ किलोमीटर वेग, ई-रिक्षात चार प्रवासी व ४० किलोग्रॅम सामान, ई-कार्टवर ३१० किलोग्रॅम माल. अधिनियमातही दुरुस्ती आवश्यक असल्याने ७ जानेवारी २०१५ रोजी अध्यादेश निघाला आणि पुढे संसदेने मोटारवाहन (सुधारणा) अधिनियम, २०१५ संमत केला. त्याने कलम २क अंतर्भूत झाले. ४,००० वॉटपेक्षा अधिक शक्ती नसलेले, तीन चाकांचे, भाड्याने माल वा प्रवासी वाहणारे बॅटरीवरील विशेष वाहन म्हणजे ई-कार्ट किंवा ई-रिक्षा, अशी व्याख्या झाली. व्यावसायिक वाहनासाठी आधी एक वर्ष हलक्या वाहनाची अनुज्ञप्ती असण्याची अट या चालकांना शिथिल करण्यात आली. ३० ऑगस्ट २०१६ च्या अधिसूचनेने त्यांना परमिटमधून सूट मिळाली. विशिष्ट रस्त्यांवर निर्बंध घालण्याचा राज्यांचा अधिकार मात्र कायम राहिला.

नियम, अध्यादेश आणि अधिनियम यांचा परस्परसंबंध या घटनाक्रमातून स्पष्ट होतो. मूळ अधिनियमाच्या चौकटीबाहेर नियम जाऊ शकत नाहीत आणि घोषणेने व्याख्या बदलत नाही.

या तरतुदींनी लाखो चालकांना कायदेशीर स्थान दिले, हे मान्य केले पाहिजे. पण त्यांनी एक मोठी दरीही कायम केली. २५० वॉटच्या व ६० किलोच्या आत असाल तर काहीच लागत नाही. त्या रेषेच्या एक पाऊल पलीकडे गेलात की नोंदणी, अनुज्ञप्ती, विमा, योग्यता प्रमाणपत्र, सारे लागते.

उंबरठ्याचे अर्थशास्त्र

एखाद्या मर्यादेपाशी अनुपालनाचा खर्च एकदम उडी घेत असेल, तर लोक त्या मर्यादेच्या लगत थांबत नाहीत. ते एकतर तिच्या पुष्कळ खाली राहतात किंवा तिच्या पुष्कळ वर जातात. ३०० वॉटच्या, ८० किलोच्या पायडल-रिक्षालाही ई-रिक्षाएवढीच औपचारिकता पार पाडावी लागणार असेल, तर चालक दोनऐवजी चार प्रवासी घेणारी ई-रिक्षाच घेणार. त्याचा निर्णय तर्काला धरून आहे. मधले वाहन बाजारात न येण्याचे मोठे कारण हे आहे.

याचा भार कोणावर पडतो? सायकलरिक्षा काही हजारांत येते. नव्या ई-रिक्षासाठी लाखाहून अधिक रक्कम लागते. ज्याच्याकडे तारण आहे किंवा कर्ज फेडण्याइतकी मिळकत आहे, तोच हे वाहन विकत घेऊ शकतो. इतरांना मालकाकडून रोजच्या भाड्याने ते घ्यावे लागते. वयस्क सायकलरिक्षाचालक बहुधा या दोन्हींतून वगळला जातो. तो एकतर पूर्वीप्रमाणे छातीचा भाता करून पायडल मारत राहतो किंवा धंदा सोडतो. त्याच्याच रिक्षाला लहान मोटर बसवता आली असती, तर त्याचे भांडवल वाया गेले नसते आणि शरीरही वाचले असते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गल्लीत चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला वाहनाची धडक बसली, तर भरपाई कोण देणार? मोटारवाहन अधिनियमाच्या कलम १४६ नुसार त्रयस्थ पक्षाचा विमा अनिवार्य आहे. सूट मिळालेल्या वाहनाला तो लागत नाही. म्हणून मर्यादा सरसकट उठवणे हा उपाय होऊ शकत नाही. पादचाऱ्याच्या सुरक्षेचा खर्च चालकाच्या सोयीसाठी अदृश्य करणे हेही अन्यायाचेच ठरेल.

इतर देशांचा अनुभव

ब्रिटनच्या १९८३ च्या नियमांत साहाय्यक मोटरीच्या दुचाकीला ४० किलोग्रॅम आणि तीनचाकीला ६० किलोग्रॅम वजनाची मर्यादा होती. ६ एप्रिल २०१५ पासून ब्रिटनने वजनाची अट काढून टाकली, शक्तीची मर्यादा सर्वांना २५० वॉट केली आणि तीनपेक्षा अधिक चाकांच्या सायकलींनाही मान्यता दिली. युरोपीय संघाच्या २०१३ च्या १६८ क्रमांकाच्या विनियमात २५० वॉटपर्यंतच्या व २५ किलोमीटर वेगाला मदत थांबवणाऱ्या पायडल सायकली वगळल्या आहेत. त्यांच्यावर १,००० वॉटपर्यंतच्या ‘शक्तिचलित सायकलीं’चा वेगळा वर्ग असून त्यात तीन व चार चाकांची वाहनेही येतात. अमेरिकेच्या २००२ च्या संघराज्य कायद्याने चालू पायडल असलेल्या दोन वा तीन चाकांच्या, ७५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या वाहनाला ग्राहक-सुरक्षेच्या दृष्टीने सायकलीच्या गटात ठेवले.

आकडे वेगवेगळे असले तरी युरोपीय व्यवस्थेतून दोन तत्त्वे दिसतात. वाहनाच्या वजनापेक्षा त्याच्या वर्तनावर भर द्यावा : पायडल थांबले की मोटर थांबते का, ठरावीक वेगाला मदत बंद होते का, हे तपासावे. आणि सायकल व मोटारवाहन यांच्या मध्ये एक पायरी असावी.

मालकी कोणाची?

केवळ तांत्रिक व्याख्या सुधारून प्रश्न सुटणार नाही. वाहन कोणाच्या हाती जाते, हाही प्रश्न आहे. १९८० च्या आझाद रिक्षा पुलर्स युनियन विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर असा कायदा होता, जो रिक्षाचा परवाना केवळ मालक-चालकालाच देत होता. हेतू शोषण थांबवण्याचा होता. पण ज्यांच्याकडे रिक्षा विकत घेण्याची ऐपत नव्हती, त्यांची रोजीच जाणार होती. न्यायालयाने कर्जसाहाय्यातून चालकांना मालक करण्याची योजना निकालात समाविष्ट केली.

हे तत्त्व महाराष्ट्रात माथेरानला पुन्हा पुढे आले. ४ फेब्रुवारी २००३ पासून पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र असलेल्या या गिरिस्थानात मोटारवाहनांना मज्जाव आहे. तेथे माणूस माणसाला हातरिक्षातून ओढत असे. १२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना अनुमती दिली. ६ ऑगस्ट २०२५ च्या निकालात, १९८० च्या त्या निर्णयाचा आधार घेत, हातरिक्षा सहा महिन्यांत बंद कराव्यात आणि ओढणाऱ्यांचे ई-रिक्षांद्वारे पुनर्वसन करावे, असा आदेश न्यायालयाने दिला. निधीचा अभाव ही सबब चालणार नाही, हेही स्पष्ट केले. तंत्रज्ञान बदलताना जुन्या श्रमिकाचा पहिला हक्क मानावा, हा या निकालाचा गाभा आहे.

पुढील दिशा

या विवेचनातून काही सूचना पुढे येतात. नियम २(यू) मध्ये तीन व चार चाकी पायडल वाहनांसाठी वजनाची स्वतंत्र, वास्तववादी मर्यादा ठरवावी. शक्तीची व वेगाची मर्यादा राखून ‘पायडल थांबले की मोटर थांबते’ ही अट काटेकोरपणे पाळली जावी. नगरपालिकेने अशा वाहनाला क्रमांक द्यावा आणि अल्प हप्त्याचा सामूहिक त्रयस्थ-पक्ष विमा त्यास जोडावा. प्रत्येक वाहनाऐवजी मोटर-संचाला एकदाच प्रमाणपत्र द्यावे, म्हणजे स्थानिक कारागीर तो जुन्या रिक्षावर बसवू शकेल. वापरलेल्या बॅटऱ्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार उत्पादकाकडे परत जाव्यात. कर्ज व अनुदान देताना आजवर पायडल मारणाऱ्याला अग्रक्रम द्यावा. शासकीय प्रोत्साहनात अशा वाहनांना स्थान देणे शक्य आहे. दिल्ली सरकारने २०२२ मध्ये मालवाहू ई-सायकलींच्या खरेदीला अर्थसाहाय्य जाहीर केले होते.

दीक्षितपुऱ्याच्या गल्लीतून प्रवासी व सामान घेऊन निघालेल्या साठीतल्या रिक्षावाल्याला कलम २(२८) किंवा नियम २(यू) ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु चढ आला की खाली उतरायचे की आसनावर बसून राहायचे, हे त्या दोन तरतुदींवर अवलंबून असते. प्रशासनात जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी नियमातील प्रत्येक आकडा वाचताना, त्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना कोण उभे आहे, याचाही विचार केला पाहिजे.